लिमात चार दिवस: आधी दुपारचं जेवण ठरवा, मग स्थळं

"पेरूला जातोय" असं सांगितलं की पुढचा विनोद ठरलेला असतो: "मग येताना पेरू आणा!" या फळाला तिकडे ग्वायाबा म्हणतात आणि आपल्याकडचं नाव देशावरून नाही, पोर्तुगीज 'पेरा'वरून आलं असं मानतात. विनोद ऐकून घ्या आणि तयारीला लागा.

बहुतेक जण पेरूच्या राजधानीत, लिमाला, फक्त विमान बदलायला उतरतात. एक रात्र झोपायचं, पहाटे कुस्को गाठायचं, माचू पिचू बघून परत. माझं पहिल्या खेपेला तेच झालं. दुसऱ्यांदा चार दिवस राहिलो तेव्हा चूक कळली. या शहरात स्थळांच्या यादीवर खुणा करत फिरलं तर हाती फार लागत नाही. लिमा दुपारी एक ते चारच्या मध्ये जेवणाच्या टेबलावर भेटते. म्हणून खालचा सगळा बेत दुपारच्या जेवणाभोवती आखलाय. सकाळी एक ठिकाण, दुपारी निवांत जेवण, संध्याकाळी समुद्र. रात्री हलकं काहीतरी खाल्लं की पुरे.

जाण्याआधी

लिमा समुद्रकाठी असूनही वाळवंटात वसलेली आहे. किनाऱ्यालगत हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे ढग येतात पण बरसत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आकाश भरून आलंय, हवा दमट आहे, आणि छत्री कुणाकडेच नाही. जून ते सप्टेंबर सूर्य क्वचित दिसतो, अंगावर बारीक तुषार पडतात. त्याला 'गारुआ' म्हणतात आणि त्या राखाडी आकाशाला 'पान्सा दे बुर्रो', म्हणजे गाढवाचं पोट. ऊन हवं असेल तर डिसेंबर ते एप्रिल गाठा. मात्र माचू पिचूसाठी कोरडा मोसम मे ते सप्टेंबर, म्हणजे नेमका उलटा. दोन्ही करायचं असेल तर एप्रिलअखेर किंवा मे हा त्यातल्या त्यात मधला मार्ग. हिवाळ्यात गेलात तर स्वेटर घ्या. तापमान फार खाली जात नाही, पण दमटपणा हाडात शिरतो.

व्हिसाचं: भारतीय पारपत्रावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर काढावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. भारतातून थेट विमान नाही. युरोपमार्गे जाणं सोपं, कारण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे. पहिल्या दिवशी पहाटे तीनला टक्क जागे व्हाल. पहिला दिवस हलका ठेवण्याचं कारण तेच.

चलन सोल, एक सोल म्हणजे साधारण २५ रुपये. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या. कोपरा किंचित फाटलेली नोट तिकडे कुणी हातात धरत नाही. छोट्या दुकानांत सगळे 'यापे' नावाच्या मोबाइल ॲपने पैसे देतात, पण ते पाहुण्यांच्या कामाचं नाही, म्हणून दहा-वीस सोलच्या सुट्या नोटा खिशात असू द्या. गंमत म्हणजे आपल्या यूपीआयसारखी यंत्रणा उभारण्यासाठी पेरूच्या मध्यवर्ती बँकेने २०२४ मध्ये आपल्या एनपीसीआयच्या परदेशी शाखेशी करार केला आहे.

राहायचं कुठे, फिरायचं कसं

पहिल्यांदा जात असाल तर शहराच्या मिराफ्लोरेस भागात राहा. थोडं गजबजलेलं, कलंदर वातावरण आवडत असेल तर बारांको. जुन्या शहराच्या मध्यभागी हॉटेलं स्वस्त मिळतात, पण अंधार पडल्यावर तिथे पायी फिरणं नको.

विमानतळ काय्याओमध्ये आहे. मिराफ्लोरेस नकाशावर जवळ दिसतं, पण संध्याकाळच्या गर्दीत दीड तास सहज जातो. टॅक्सीला मीटर नसतो. ॲपवरून बोलवा, आणि रस्त्यावरची घ्यायचीच असेल तर बसण्याआधी भाडं ठरवा. 'मेत्रोपोलितानो' ही वेगळ्या मार्गिकेवरून धावणारी बस २०१० पासून सुरू आहे आणि बारांको, मिराफ्लोरेस, जुनं शहर एका ओळीत जोडते. स्थानकावर कार्ड घ्या. एकच कार्ड अख्ख्या कुटुंबाला चालतं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला मात्र विरार लोकलची आठवण येईल.

मोबाइल रस्त्याच्या कडेला उभं राहून काढू नका, मोटरसायकलवरून हिसकावतात. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून बघा. नळाचं पाणी पिऊ नका. भिंतींवर हिरव्या पाटीवर मोठा 'एस' दिसेल, ती भूकंप झाल्यास उभं राहायची सुरक्षित जागा. धक्के अधूनमधून बसतात, म्हणून हॉटेलातली अशी जागा पहिल्याच दिवशी हेरून ठेवा.

वारांचं गणित आधी जमवा. पुढे येणाऱ्या दोन प्राचीन स्थळांपैकी वाका पुक्याना मंगळवारी बंद, पाचाकामाक सोमवारी बंद. सेविचेची, म्हणजे लिंबाच्या रसातल्या कच्च्या माशाची, बरीच दुकानंही सोमवारी बंद असतात, कारण रविवारी कोळी सुट्टी घेतात. जी उघडी असतात तिथेही जाणकार सोमवारी जात नाहीत.

पहिला दिवस: बाजार, समुद्र आणि मातीच्या विटांचा डोंगर

सकाळी मिराफ्लोरेसमधल्या केनेडी पार्कपासून पंधरा मिनिटं चालत शेजारच्या सुर्कियो भागातल्या 'मेर्कादो नुमेरो उनो' या बाजारात जा. इथे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. भाजीवालीला 'कासेरा' म्हणायचं, तीही तुम्हाला 'कासेरितो' किंवा 'कासेरिता' म्हणेल. हा नेहमीच्या गिऱ्हाइकाचा लडिवाळ शब्द आहे, आणि तुम्ही पहिल्यांदाच गेलात तरी मिळतो. रसाच्या गाळ्यावर पेला संपवला की 'यापा?' असं विचारा. मिक्सरमध्ये उरलेला रस पेल्यात ओततात. आपल्याकडे भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या मिळतात, तशातला प्रकार.

फळांत चिरिमोया आधी घ्या. आपल्या सीताफळाचीच बहीण, पण गर रवाळ नाही, मऊ साय लागते, आणि बियाही कमी. लुकुमा मात्र फोडून खाल्लात तर निराश व्हाल. गर उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा कोरडा असतो. तो आइस्क्रीममध्येच खावा. ग्रानादिया नावाचं नारिंगी फळ अंगठ्याने फोडून आतला गर ओरपायचा. बघणाऱ्याला तो सब्जासारखा वाटतो, पण चव फार गोड.

बटाट्यांच्या गाळ्यासमोर थोडं थांबा. अँडीज ही बटाट्याची जन्मभूमी, आणि पेरूत त्याचे हजारो प्रकार आहेत: जांभळे, पिवळे, बोटांसारखे लांब, गाठी पडलेले. आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्रही १९७१ पासून लिमातच आहे. 'बटाटा' हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि मुळात तो रताळ्याचा होता. लिमात बटाट्याला 'पापा' म्हणा, रताळ्याला 'कामोते'.

बाजारातच जेवू शकता, पण पहिल्या दिवशी पोट जपा आणि एखाद्या साध्या खानावळीत 'मेनू' मागवा. मेनू म्हणजे यादी नव्हे. आधी सूप किंवा काहीतरी छोटं, मग 'सेगुंदो' म्हणजे मुख्य पदार्थ, आणि एक पेला सरबत, सगळं मिळून बारा ते वीस सोल. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. कचेरीतली माणसं ज्या दारात रांग लावतात, ते दार निवडा.

दुपारनंतर वाका पुक्याना. इमारतींच्या गराड्यात मातीच्या कच्च्या विटांचा प्रचंड ढिगारा, इंकांच्याही कित्येक शतकं आधीच्या लिमा संस्कृतीने साधारण इ.स. २०० ते ७०० या काळात उभारलेला. विटा आडव्या नाहीत, कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या रचल्या आहेत, आणि मधे फटी ठेवल्या आहेत. भूकंपात भिंत हलते, पण कोसळत नाही. मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. इंग्रजीतली फेरी विचारून घ्या.

तिथून समुद्राकडे. शहर उंच कड्यावर आहे आणि खाली पॅसिफिक. कड्याच्या काठाने जाणारा 'मालेकोन' हा चालायचा रस्ता लिमातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि फुकट आहे. 'पार्के देल आमोर'मध्ये व्हिक्तोर देल्फीन यांचं चुंबन घेणाऱ्या जोडप्याचं अवाढव्य शिल्प आहे. सोबत सासूबाई असतील तर दीपगृहाच्या दिशेने वळा.

दुसरा दिवस: जुनं शहर

इंकांचं राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश फ्रान्सिस्को पिझारोने १८ जानेवारी १५३५ रोजी हे शहर वसवलं. सकाळी नऊला मेत्रोपोलितानोने या आणि सान मार्तीन चौकापासून 'हिरोन दे ला उनियोन' या पादचारी रस्त्याने मुख्य चौकापर्यंत चालत जा. वाटेत माना वर ठेवा. लाकडी, जाळीदार, बंद सज्जे हे लिमाचं वैशिष्ट्य, आणि त्यातले सर्वांत देखणे १७३५ च्या तोर्रे ताग्ले वाड्याला आहेत. तिथे आता परराष्ट्र खातं आहे.

मुख्य चौकातलं कारंजं सतराव्या शतकातलं, ब्राँझचं. कॅथेड्रलमध्ये पिझारोची कबर आहे. १५४१ मध्ये त्याच्याच देशबांधवांनी त्याला याच चौकाकाठच्या त्याच्या घरात ठार मारलं. दुपारी बाराच्या सुमारास राष्ट्रपती भवनासमोर पहारा बदलतो, बँडसकट. गर्दीत खिसा सांभाळा.

खरी बघायची जागा म्हणजे सान फ्रान्सिस्को मठ. वर जुनं ग्रंथालय, खाली तळघरात दफनभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं कब्रस्तान होईपर्यंत शहरातले लोक इथेच पुरले जायचे. एकूण पंचवीस हजारांच्या आसपास, असा अंदाज सांगतात. हाडं प्रकारानुसार लावून ठेवली आहेत. एका विहिरीत मांडीची हाडं आणि कवट्या गोलाकार, रांगोळी काढावी तशा. छत ठेंगणं आहे आणि फोटो काढायला मनाई आहे. लहान मुलं बरोबर असतील तर एकाने त्यांच्यासोबत बाहेर कबुतरांना दाणे घालत बसावं.

आता जेवण, आणि आज ते चिनी. १८४९ पासून ऊसमळ्यांवर आणि पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणायला चिनी मजूर आणले गेले. त्यांच्या वंशजांनी शहराला 'चिफा' दिला. कापोन रस्त्यावरच्या कमानीतून आत गेलात की दोन्ही बाजूंना चिफाच चिफा. 'आरोस चाउफा' म्हणजे परतलेला भात. आपल्या गाड्यावरच्या चायनीजइतका तो तिखट नसतो. सोबत 'आही'ची, म्हणजे तिथल्या मिरचीची, चटणी मागा, मग जमतं. चिफा नको असेल तर राष्ट्रपती भवनाशेजारचा १९०५ पासूनचा 'बार कोर्दानो' आहे. संगमरवरी टेबलं, जुने वेटर, मुंबईतल्या इराण्याची आठवण. तिथलं हॅमचं 'बुतिफार्रा' सँडविच प्रसिद्ध.

चारच्या आत परत निघा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर मात्र या भागाचा बेत बदलावा लागेल. 'सेन्योर दे लोस मिलाग्रोस'ची मिरवणूक निघते, सारं शहर जांभळं होतं आणि रस्ते बंद होतात. आषाढीला पंढरपुरात गेलेल्या माणसाला ती गर्दी समजेल.

तिसरा दिवस: सेविचेचा

हा दिवस मंगळवार ते रविवारमध्ये कुठेही ठेवा. सकाळ लार्को संग्रहालयात घालवा. १९२६ मध्ये स्थापन झालेलं, प्वेब्लो लिब्रे भागातल्या बोगनवेलींनी झाकलेल्या वाड्यात. इंकांच्या आधीच्या मोचे लोकांनी मातीच्या भांड्यांवर खऱ्या माणसांचे चेहरे घडवले: हसणारा, आंधळा, ओठ फाटलेला. दालनं झाली की गोदामात जा, ते लोकांना खुलं आहे. छतापर्यंत कपाटं आणि त्यात हजारो भांडी. मला दालनांपेक्षा ते गोदामच जास्त आवडलं. शृंगारिक भांड्यांचं दालन वेगळं आहे, बागेच्या खालच्या अंगाला, म्हणजे कुणाला टाळायचं असेल तर टाळता येतं.

एक वाजता सेविचे. कच्च्या माशाचे तुकडे, लिंबाचा रस, मीठ, कांदा, आही लिमो मिरची. बस. लिंबू आपलंच कागदी, तेच छोटं आणि आंबट. मोठ्या पिवळ्या लिंबाने ही चव येत नाही. पूर्वी मासा तासन्‌तास रसात मुरवत. जपानी स्थलांतरितांच्या हाताने ती रीत बदलली, आणि आता काही मिनिटांतच ताटात येतो. सोबत उकडलेलं रताळं, मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि भाजलेला मका, 'कांचा'. रताळ्याचा घास मधे मधे घ्यायचा, आंबट-तिखट शमवायला. तळाशी उरलेल्या पांढरट रसाला 'लेचे दे तिग्रे' म्हणतात, वाघाचं दूध. तो सोलकढीसारखा शेवटी प्यायचा. टाकाल तर वेटर हळहळेल.

नियम तीन. सेविचे दुपारीच, रात्री नाही, कारण मासा सकाळच्या बाजारातला असतो. पाटीवर माशाचं नाव नसेल तर विचारा. आणि रिकामं दुकान टाळा. कच्चं खायला मन धजत नसेल तर 'हालेआ' मागवा, ते तळलेलं असतं. मिराफ्लोरेसमधलं 'ला मार' नावाजलेलं आहे, पण दारात वाट बघायची तयारी हवी. 'सेंत्राल' २०२३ मध्ये आणि 'माईदो' २०२५ मध्ये जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. तिथे जायचं असेल तर टेबल काही महिने आधी आणि बजेट त्याहून आधी राखून ठेवा. माझ्या मते पहिल्या भेटीत त्याची गरज नाही. लिमाचा मोठेपणा चाळीस सोलच्या ताटातही दिसतो.

संध्याकाळी बारांको. १८७६ चा लाकडी 'उसाशांचा पूल' पहिल्यांदा श्वास रोखून ओलांडला तर इच्छा पुरी होते म्हणतात. पूल लहानच आहे, पण गर्दीमुळे मधेच दम सुटतो. खालच्या पायवाटेने समुद्रापर्यंत उतरा आणि वर येऊन पिकारोनेस खा. लाल भोपळा आणि रताळं घातलेलं पीठ, त्याची कडी तळायची आणि वरून 'चांकाका'चा पाक. चांकाका म्हणजे गूळच. घारग्यांची कुणी दूरची आत्या सातासमुद्रापार निघून गेली असावी, असं वाटतं.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण तोंड उघडावं लागेल. 'सिन कार्ने' म्हटलंत की गोमांस काढतात आणि कोंबडी घालतात, कारण त्यांच्या लेखी कोंबडी म्हणजे मांस नव्हे. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो.' शेवटचं कोंबडीच्या रश्श्यासाठी. सूपात तो हमखास असतो.

डोळे मिटून मागवण्याजोगं: 'पापा आ ला वांकाइना', उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा दाट रस. वर अंड्याची चकती असते, नको तर 'सिन उएवो' म्हणा. आरेकिपाकडची 'ओकोपा' त्याच वळणाची, त्यात बहुधा शेंगदाणेही असतात. 'चोक्लो कोन केसो' म्हणजे कणीस आणि ताजं चीज. 'ताकू ताकू' म्हणजे उरलेला भात आणि घेवडा एकत्र मळून तव्यावर खरपूस केलेला गोळा. फोडणीच्या भाताचा चुलतभाऊ, पण डुकराची चरबी घातली नाही ना, हे विचारा. सोमवारी खानावळीत मसूर आणि भात असतो. सोमवारी मसूर खाल्ला की पैसा येतो, असा समज आहे. वरण-भाताला तरसलेल्या जिवाला तेवढा आधार पुरतो. गोडात 'आरोस कोन लेचे' म्हणजे तांदळाची खीरच.

मांसाहारी असाल पण गोमांस खात नसाल तर दोन नावं ध्यानात ठेवा. 'लोमो साल्तादो' गोमांसाचा असतो, त्याऐवजी 'पोयो साल्तादो' मागा. आणि रस्त्यावर शेगडीवर दरवळणारे 'आंतिकुचोस' हे गाईबैलांच्या हृदयाचे तुकडे असतात. वास कबाबाचा येतो, म्हणून न विचारता घेऊ नका.

पिण्यासाठी 'चिचा मोरादा'. जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग उकळून केलेलं थंड सरबत, दारू नाही. थंड रात्री हातगाडीवरचं 'एमोलियेंते' घ्या: जव, जवस आणि वनस्पतींचा गरम, किंचित बुळबुळीत काढा. आजीने दिला असता तर नाक मुरडलं असतं, तिथे पैसे देऊन पितो.

चौथा दिवस: पाचाकामाक

शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर लुरीनच्या खोऱ्यात. इंकांच्या कितीतरी आधीपासून लोक इथे देवाचा कौल घ्यायला लांबून यायचे. इंका आले, त्यांनी जुनं मंदिर मोडलं नाही, शेजारच्या टेकडीवर आपलं सूर्यमंदिर बांधलं. १५३३ मध्ये पिझारोचा भाऊ एर्नांदो सोन्याच्या शोधात पोचला, तेव्हा आत त्याला फक्त कोरलेला लाकडी खांब दिसला. तसा एक खांब संग्रहालयात आहे. तो आधी बघा, मग अवशेष, म्हणजे वाळूतून चालताना नेमकं काय बघतोय ते कळतं. सावली अजिबात नाही. टोपी आणि पाणी घ्या, नऊच्या सुमारास पोचा. ॲपवरच्या टॅक्सीने जाता येतं, पण परतीला मिळेलच असं नाही. म्हणून जाण्या-येण्याची आणि थांबण्याची टॅक्सी एकत्रच ठरवा.

मुलं असतील तर त्याऐवजी काय्याओहून बोटीने पालोमिनो बेटांवर समुद्रसिंह बघायला जा. गाडी हलली की ओकणाऱ्यांनी गोळी घेऊनच बोटीत बसावं.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटची संध्याकाळ 'सिर्कुइतो माहिको देल आग्वा' या कारंज्यांच्या बागेत घालवायचा मोह होईल. रात्री ते दिव्यांनी उजळतं आणि छान दिसतं. पण तिथून विमानतळाच्या रस्त्याला शुक्रवारी किती वेळ लागेल हे टॅक्सीवालाही सांगू शकत नाही, म्हणून ती बाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरका, जुन्या शहरातून परतताना ती वाटेवरच आहे. सोमवारी बाग बंद असते, म्हणून दुसरा दिवस सोमवार नसेल याची तेवढी काळजी घ्या. शेवटच्या दिवशी दुपारी पोटभर जेवा, सुर्कियोतून पिवळ्या मिरचीच्या वाटणाची बंद बाटली आणि कच्चा कांचा मका घ्या. बाटली चेक-इनला द्यायच्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.